चिंधीची ट्रायल

"माझ्या बाबांची कुत्री आहे ती, मावशी. तुमची नाही."

"मी कुठं म्हणतेय माझी? माझ्याकडे राहू दे, एवढंच म्हणतेय. या वयात तुझ्या अकराव्या मजल्यावर काय करील ती? ढग मोजेल?"

"विनोद नकोत."

"मग रडू का? ते आठवडाभर करून झालंय."

टेलरमास्तरांना जाऊन आठ दिवस झाले होते. दुकानाचं शटर अर्धंच वर होतं. इस्त्रीच्या टेबलाखाली कातरणांच्या ढिगात नाक खुपसून चिंधी पडली होती. बारा वर्षांपूर्वी मास्तरांनी तिला गटाराकाठून उचलून आणलं, तेव्हा मुठीएवढी होती. त्या कातरणांतच वाढली, म्हणून चिंधी.

मावशी या दुकानात सव्वीस वर्षं काजं करत होत्या. सुईत दोरा ओवायला त्यांना चष्मा लागे. गिऱ्हाइकाला तोंडावर खरं सुनवायला काही लागत नसे. "कापड नाही आटलं, तुम्ही फुगलात," असं त्या म्हणायच्या आणि मास्तर कपाळाला हात लावायचे. पण 'अहो मास्तर', 'अहो मावशी' यापलीकडे दोघं कधी गेली नाहीत.

जाण्याआधीचे दोनेक महिने मास्तर दर शनिवारी चिंधीची दोरी त्यांच्या हातात देत. "एक रात्र न्या. मला जरा झोप हवी."

"मी काय खानावळ उघडलीय?" मावशी कुरकुरत, आणि नेत.

"तुमच्या हवाली करा असं बाबांनी कुठं लिहून ठेवलंय का?" मास्तरांच्या मुलीनं विचारलं.

मावशींनी फळीवरची मापांची वही काढली. तयार कपडे गिऱ्हाइकांना पोचवावेत म्हणून सकाळी ती उघडली, तेव्हाच त्यांना ते पान सापडलं होतं. गिऱ्हाइकाच्या नावाच्या जागी 'चिंधी'. त्या मोठ्यानं वाचू लागल्या.

"गळा तेरा, छाती एकवीस. पहिली ट्रायल, मावशींकडे: रात्रभर दाराशी बसून. दुसरी ट्रायल: अर्धं जेवली. चौथी: मावशी बोलतात फार, पण ही त्यांच्या पायाशी झोपते. सातवी: परत यायला तयार नव्हती. नीट बसलं." त्यांनी बोट शेवटच्या ओळीवर नेलं. "डिलिव्हरी: मी गेल्यावर."

आपलं आयुष्य संपत आलंय हे त्या माणसाला ठाऊक होतं. आणि आपण समजत होतो, झोप हवीय!

मुलगी हळूच म्हणाली, "माझ्याकडेही ठेवली होती की त्यांनी. दोन दिवस. त्याचं काय लिहिलंय?"

मावशींनी मागचं पान उलटलं. होतं तिथं. त्यांनी मनात वाचलं.

'मुलीकडे, दोन दिवस. ती कामावर, ही बंद दाराला नाक लावून. पाण्यालाही शिवली नाही. उसवावं लागलं. मुलीला कळू देऊ नये. आपल्याला काहीच जमत नाही, असं तिला आधीच वाटतं.'

"वाचा ना, मावशी."

ते मोठ्यानं वाचलं असतं, तर भांडण जागच्या जागी मिटलं असतं. मावशींनी वही मिटली आणि पिशवीत तळाशी सारली.

"लपवताय! म्हणजे माझ्या बाजूनं लिहिलं असणार." मुलीनं पिशवीकडे बोट दाखवलं. "घरी गेल्यावर दाराशी कुणीतरी हवंय हो मला. बाबांचं तेवढंच उरलंय. आणि तुम्ही तेही घेऊन चाललात."

मावशी गुडघ्यावर हात टेकून खाली वाकल्या. मास्तरांनी शिवलेला पट्टा त्यांनी चिंधीच्या गळ्यात अडकवला. चिंधी उठली, मुलीचा हात एकदाच चाटला, आणि मावशींच्या चपलांमागे चालू लागली.

"मावशी! माझ्याबद्दल काय लिहिलंय त्यांनी?"

मावशी शटरखालून वाकून बाहेर पडल्या, आणि त्यांच्यामागून चिंधी.