जानकीचे दात

जानकी चार वर्षांची झाली तोवर मालवणच्या बंदराजवळच्या वाडीत तिने न चावलेलं माणूस शोधावं लागे. शेजारच्या विमलाचा दंड, भटजींची पोटरी, देवी टोचायला आलेल्या सरकारी माणसाचा अंगठा. लहान-थोर असा भेद तिने कधी केला नाही. मनासारखं झालं नाही की आधी दात, मग रडणं. तिची आई काशीबाई सुंभ वळता वळता सगळ्यांची माफी मागे. बाप, बाबू तांडेल, मात्र खूश. तो स्वतः दर हंगामात गलबताच्या मालकाशी भांडून, काम अर्ध्यात टाकून घरी येणारा. पोर आपल्यावर गेली, याचा त्याला अभिमान.

१९५२ साली ईडाबाईंनी चर्चजवळच्या आपल्या पडवीत बालवाडी काढली. काशीबाईने पहिल्याच दिवशी पोरीला तिथे सोडलं आणि जवळजवळ पळच काढला. दुपारपर्यंत ईडाबाईंच्या मनगटावर दातांची ओळ उमटली होती. त्यांनी पुटपुटत एक पोर्तुगीज शिवी दिली, लगेच येशूची क्षमा मागितली आणि पोरीला विहिरीवर नेलं.

"राग इलो काय तोंडात पाणी धरूचा," त्या म्हणाल्या. "थुकूचा नाय, गिळूचा नाय. मी वीस मोजीपर्यंत. मगे तुका काय करूचा ता कर."

तोंड भरलेलं असलं की चावता येत नाही आणि ओरडताही येत नाही, एवढाच त्यामागे विचार. पहिले आठ दिवस जानकीने ते पाणी बाईंच्याच अंगावर फवारलं. बाई आपला भिजलेला फ्रॉक पिळत आणि पुन्हा एकपासून सुरू करत. हळूहळू वीस पूर्ण होऊ लागले, आणि तेवढ्यात कशासाठी चावायचं होतं तेच जानकीला आठवेनासं झालं. वर्षभरात पाणीही लागेना. नुसते गाल फुगवून ती मनात मोजी, बाराच्या पुढचे आकडे चुकवत.

एके सकाळी गलबताचा मालक अंगणात आला आणि बाबूचा आवाज चढला. जानकी तांब्या घेऊन बाहेर आली आणि बापापुढे धरून उभी राहिली. लेकीची ही पाण्याची रीत त्याला ठाऊक होती; परक्यासमोर तिच्याशी तमाशा नको म्हणून त्याने घोट तोंडात धरला. तेवढ्यात मालकाचं सांगून संपलं. त्यात भांडण्यासारखं फारसं काही नव्हतंच. त्या वर्षी बाबू पहिल्यांदाच पूर्ण हंगाम टिकला.

शाळेत जानकी काही हुशार नव्हती. पण गणित चुकलं तर ती पाटी आपटत नसे, पुसून पुन्हा मांडी. तिच्याहून हुशार पोरी सातवीत गळाल्या, ही मॅट्रिक झाली. वाडीने ठरवून टाकलं की पोर गरीब गाय झाली.

१९६६ साली देवगडचं स्थळ बघायला आलं. मुलाच्या मामाने तिला चालून दाखवायला लावलं, वाचायला लावलं आणि शेवटी दात दाखव म्हणाला. काशीबाईचा जीव टांगणीला लागला. जानकीने मान खाली घालून गाल फुगवले. पोर लाजली, असं मामाला वाटलं.

"माझे दात बरे आसत," ती सावकाश म्हणाली. "आता तुमच्या भाच्याक तोंड उघडूक सांगा."

मुलगा इतका गोंधळला की त्याने खरंच आ केला. आत तंबाखूने सगळा अंधार केला होता. स्थळ मोडलं.

ईडाबाईंनी विचारलं तेव्हा जानकीने सांगितलं की खूप राग आला होता. तिने वीस मोजले, आणि वीसनंतरही तेच बोलावंसं वाटलं, म्हणून बोलली. बाईंना यात काही गैर दिसलं नाही. नर्सिंगच्या शिक्षणाचा अर्ज त्यांनीच मागवून दिला.

काशीबाई चतुर्थीपर्यंत लेकीशी बोलली नाही. नर्सिंग शिकायला जायच्या दिवशी बाबू स्टँडवर आला आणि ट्रंकेवरून कंडक्टरशी हुज्जत घालत बसला. ती संपायची वाट न बघता जानकीने ट्रंक टपावर चढवली आणि खिडकीची जागा धरली.

दोन वर्षांनी तळेऱ्याच्या दवाखान्यात तिची नेमणूक झाली. काशीबाईने वाडीभर गुळाचं खाजं वाटलं आणि देवगडचं स्थळ आपणच मोडलं, असं प्रत्येक दारात सांगितलं.