पाठदुखी आणि दिल्लीची मुलाखत

“तुमच्या पाठीत टीबी आहे,” डॉक्टर म्हणाले. त्यावर मी विचारलेला पहिला प्रश्न असा होता, “पुढच्या महिन्यात मला दिल्लीला जायचंय. तेवढं जाता येईल ना?”

त्यांनी एमआरआयची फिल्म उजेडासमोर धरली. एमआरआय म्हणजे चुंबकाच्या मदतीने काढलेलं शरीराच्या आतलं चित्र. साध्या एक्सरेत जे सुरुवातीला दिसत नाही, ते त्यात दिसतं. छातीमागच्या दोन मणक्यांवर त्यांनी पेनाचं टोक टेकवलं. बाकीचे मणके चौकोनी, रेखीव होते. हे दोन मात्र चहात पडलेल्या साखरेच्या खड्यासारखे कडेने विरघळले होते. त्यांच्यामागे पू साठला होता आणि तो स्पायनल कॉर्डवर, म्हणजे मेंदूकडून पायांकडे जाणाऱ्या मज्जारज्जूवर, दाब देत होता.

“याला पॉट्स स्पाइन म्हणतात,” डॉक्टर म्हणाले. “क्षय फक्त फुप्फुसाला होतो असं नाही, हाडालाही होतो. दिल्लीचं नंतर बघू. आधी सांगा, इथपर्यंत चालत आलात?”

परळच्या त्या हॉस्पिटलात मी चालतच आले होते. पूल चढताना डावा पाय जरा ओढला गेला होता, पण चपलेला दोष देऊन मोकळी झाले होते.

दिल्लीला माझी मुलाखत होती. देशातल्या सगळ्यात अवघड म्हणतात त्या परीक्षेची मुख्य पायरी मी पहिल्यांदाच ओलांडली होती. आधी कितीदा तरी तिथेच आपटले होते. वयाच्या अटीप्रमाणे हा माझा शेवटचा प्रयत्न होता. मुलाखत चुकली तर परीक्षा संपली, कायमची. आता तुम्हाला माझा तो पहिला प्रश्न वेडगळ वाटणार नाही.

घोडपदेवला आमच्या चाळीजवळ बुद्धविहार आहे आणि विहाराच्या माळ्यावर अभ्यासिका. घरात एक खोली आणि माणसं भरपूर, म्हणून आमच्याकडची मुलं तिथेच शिकली. खाली सतरंजी, पुढ्यात उतरतं लाकडी डेस्क. त्या जागी मान होता तो बैठकीला. न उठता कोण जास्त वेळ बसतं, त्यावरून कोण साहेब होणार याचा अंदाज बांधला जायचा. मी ऑफिस सुटल्यावर थेट तिथे जायचे आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी बसले की दिवे लागेपर्यंत जागची हलायची नाही. पाठ सगळ्यांचीच दुखायची. पण आमच्यात पाठदुखी ही तक्रार नव्हती, तो हुद्दा होता. मलमाची एक ट्यूब सगळ्यांत फिरायची. पास होऊन गेलेला एकजण कमरेचा पट्टा मागे ठेवून गेला होता, तो आम्ही आळीपाळीने बांधायचो. तो बांधला की आपणही पास होऊ असं मनातून वाटायचं.

त्यामुळे मध्यरात्री दुखण्याने जाग यायला लागली तेव्हा एक सीनियर म्हणाला, “मेन्सच्या वर्षी सगळ्यांचं होतं गं हे.” संध्याकाळी अंग कोमट व्हायचं, त्याला आम्ही परीक्षेचा ताप म्हटलं. कपडे ढिले झाले तेव्हा शेजारणी कौतुकाने म्हणाल्या, अभ्यासाने पार वाळली पोर. कुणी मला फसवलं नाही. सगळ्यांना खरंच तसं वाटत होतं, आणि मला तर सगळ्यात जास्त.

हे वाचणाऱ्या कुणाची पाठ आडवं पडल्यावर, रात्री जास्त दुखत असेल, संध्याकाळी बारीक ताप येत असेल, खाऊनपिऊन वजन उतरत असेल, तर मलम बाजूला ठेवा आणि डॉक्टरकडे जा. मुख्यतः एवढ्यासाठीच हे लिहायला घेतलं आहे.

त्याच आठवड्यात बायोप्सी झाली. स्कॅनवर बघत लांब सुईने मणक्यातला तुकडा काढतात आणि तपासायला पाठवतात. दुखतं, पण सहन होण्याइतकं. रिपोर्ट यायच्या आतच डावा पाय जड झाला, मग उजवाही. चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरून मला फळीवर पट्ट्यांनी बांधून उतरवलं. उचलायला अभ्यासिकेतलीच मुलं होती. नाक्यावर माझा फ्लेक्स लागला होता. निळ्या पार्श्वभूमीवर मी, ओळखपत्रावरचा तो घाबरलेला चेहरा भलामोठा करून, आणि खाली अक्षरं : भावी जिल्हाधिकारी. मुलाखत व्हायच्या आधीच मंडळाने तो लावला होता. आमच्याकडे आनंद थांबून राहत नाही. त्या फ्लेक्सखालून मला अँब्युलन्समध्ये ठेवलं. कुणी वर बघितलं नाही, मीसुद्धा नाही.

वॉर्डात पहिला नियम होता लॉग रोल. म्हणजे कूस बदलायची ती स्वतः नाही, दोघातिघांनी अख्ख्या अंगाला ओंडक्यासारखं एकदम वळवायचं, मध्ये कणा पिळता कामा नये. गोळ्या मूठभर. त्यातल्या एका गोळीने लघवी नारिंगी होते, घाबरू नका, ते रक्त नसतं. दुसरीने क्वचित डोळ्यांवर परिणाम होतो, लाल-हिरवा रंग फिका दिसला तर लगेच सांगायचं. मी रोज समोरच्या खिडकीतल्या हिरव्या पडद्याकडे बघून खात्री करायचे.

डॉक्टरांना मी पुन्हा विचारलं. या वेळी ते स्टूल ओढून बसले.

“विमानाने, पाठीला ब्रेस बांधून, व्हीलचेअरवर गेलात तर कदाचित काहीच होणार नाही,” ते म्हणाले. “कदाचित गाडी एका खड्ड्यातून जाईल आणि मणका खाली बसेल. मग कमरेखालचं बळ परत येईलच असं मी म्हणू शकत नाही. लघवीवरचा ताबाही परत येईलच असं नाही. औषधं नुकतीच सुरू झालीत. आत्ता तुम्हाला पडून राहण्याची गरज आहे. मी डिस्चार्ज देणार नाही. स्वतःच्या जबाबदारीवर जायचं असेल तर अडवू शकणार नाही.”

खरं सांगायचं तर ‘कदाचित’ या शब्दाने माझा छळ केला. नाहीच जमणार असं ते ठणकावून म्हणाले असते तर बरं झालं असतं.

आई जाण्याच्या बाजूची होती. तिने आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरी पोळ्या लाटून आम्हाला शिकवलं. ती म्हणाली, “तिथं बसूनच बोलायचं असतं ना? पळायला थोडीच लावणारेत. खुर्चीत बसवून नेऊ, बसवून आणू.” विहारातली मंडळीही तयार होती. सोबत कोण येणार हे ठरलंसुद्धा. माझा मोठा भाऊ, दादा, कुरिअरच्या ऑफिसात पार्सलं लावतो, रविवारी कॅरम खेळतो आणि मिळालं तेवढ्यात खूश असतो. तो एवढंच म्हणाला, “तू ठरव. मी तिकिटं बघून ठेवतो. रद्द करता येतील अशी.”

माझ्या शेजारच्या खाटेवर वरळी कोळीवाड्यातल्या मालन मावशी होत्या. आजार तोच, मणके कमरेचे. दारोदार मासळी विकायच्या, डोक्यावर पाटी घेऊन. माझ्या खाटेभोवती दिल्लीची बैठक भरली की त्या सिस्टरना सांगून आमच्याकडे पाठ करून घ्यायच्या. एकदा राउंडला डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, “मावशी, बऱ्या व्हाल, चालाल. पण यापुढे डोक्यावर वजन घ्यायचं नाही. कधीच नाही.”

त्यांचं दुपारचं जेवण तसंच राहिलं. संध्याकाळी मी समजुतीने म्हणाले, “मावशी, एका जागी बसून विकता येईल. नाहीतर दुसरं काहीतरी काम बघता येईल.”

“तुला कोन बोलला दुसरा कायतरी बघ, तर बघशील गो?”

 त्या पुढे म्हणाल्या, “माझी गिऱ्हाइकं हाईत. दाराशी जाऊन हाक मारली का बाया येतात, बसतात, घरचा बोलतात. मना तेच पायजे.” मग दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि त्यांचं काही चुकलं असं मला वाटलं नाही.

मावशी तसं बोलल्या त्याच रात्री मी पहिल्यांदा दिल्ली बाजूला ठेवून विचार केला. मी ज्याला मनात साधं आयुष्य म्हणत होते, दादाचं आहे तसं, ते त्या वॉर्डात कुणालाच फुकट मिळत नव्हतं. त्या बाईची सगळ्यात मोठी इच्छा होती काल जसं जगत होतो तसं उद्या जगायची. मला एकदम फार भीती वाटली. मला जिना चढायचा होता. मला स्वतःच्या पायांनी संडासला जायचं होतं. यात शहाणपण वगैरे काही नव्हतं, निव्वळ भीती होती. सकाळच्या राउंडला मी डॉक्टरांना सांगितलं, जाणार नाही.

दादाने तिकिटं रद्द केली. आई त्या दिवशी डबा ठेवून उभ्याउभ्याच निघून गेली.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी ती आली ती पांढरी साडी नेसून. विहारात मोठ्या दिवशी नेसतात तशी, कडक इस्त्रीची. ती तिने दिल्लीसाठी ठेवली होती. का नेसलीस, असं मी विचारलं नाही. ती स्टुलावर ताठ बसून राहिली.

त्या दिवशीही नेहमीची तपासणी झाली. जॉइंट पोझिशन सेन्स म्हणतात तिला. तुम्ही डोळे मिटायचे. डॉक्टर तुमच्या पायाचा अंगठा बाजूने धरून किंचित हलवतात आणि विचारतात, वर की खाली. निरोगी माणसाला यात काय विचारायचं असं वाटेल. पण मज्जारज्जूवर दाब असला की आपला अंगठा कुठे आहे हे आपल्याला कळत नाही. मी रोज अंदाजाने काहीतरी सांगायचे आणि चुकायचे.

“वर की खाली?” डॉक्टर मॅडमनी विचारलं. त्या शिकाऊ होत्या, माझ्याहून लहान.

“खाली.”

“आता?”

“वर. आता परत वर.”

 मी डोळे उघडले तर मॅडम हसत होत्या. “सगळी बरोबर,” त्या म्हणाल्या. “औषध लागू पडतंय.” आईने पदर तोंडाला लावला. तिला आनंद झाला होता की दुःख, हे मला तेव्हा कळलं नाही. मला दोन्ही झालं होतं.

पुढचं लवकर सांगते, कारण बरं होणं फार सावकाश असतं आणि त्यात सांगण्यासारखं कमी असतं. ऑपरेशन टळलं. ब्रेस म्हणजे छातीपासून कमरेपर्यंतचं कडक कवच, त्याच्यासह आधी बसले, मग वॉकर धरून उभी राहिले. पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा जमीन फार खाली वाटली. गोळ्या दीड वर्ष चालल्या. मध्येच बरं वाटायला लागतं, तेव्हा गोळ्या सोडू नका. मळमळ होते, तोंडाची चव जाते, तरी सोडू नका.

भेटायला येणारे म्हणायचे, जाऊ दे, तब्येत महत्त्वाची, साधं आयुष्यच सुखाचं. मला या बोलण्याचा राग यायचा. ज्यांच्या घरी साधं आयुष्य आधीपासून होतं त्यांना त्याचं कौतुक करणं सोपं जातं. माझ्या आजोबांना तेवढंही कुणी सहज दिलं नव्हतं. म्हणून मोठं होणं ही आमच्याकडे हौस नाही, ते मागच्यांचं देणं आहे असं आम्ही मानतो. मी अजूनही मानते. निकाल लागला त्या दिवशी मी फोन बंद करून ठेवला होता. आजही एखाद्या नव्या जिल्हाधिकाऱ्याचा फोटो पेपरात आला की मी पान उलटते.

आता मी पुन्हा ऑफिसला जाते. विहाराच्या अभ्यासिकेत महिन्यातून एकदा जाते आणि तासातासाने मुलांना उठवून उभं करते. ती कुरकुरतात, मी ऐकत नाही. तो कमरेचा पट्टा मी फेकून दिला. मालन मावशी कोळीवाड्यात एका पुतणीच्या गाळ्यावर बसतात. मागच्या खेपेला भेटले तेव्हा म्हणाल्या, बसून बसून कंटाळा येतो. डॉक्टर, त्या मॅडम, मला रोज ओंडक्यासारखं वळवणाऱ्या सिस्टर, आणि रद्द करता येतील अशी तिकिटं काढणारा माझा भाऊ, यांचे उपकार मी विसरणार नाही.

गोळ्या बंद करायच्या शेवटच्या तपासणीला आई सोबत आली होती. ओपीडीच्या बाकावर शेजारच्या बाईने तिला विचारलं, “मुलगी काय करते तुमची?”

मी कॉलेज संपल्यापासून एका सरकारी ऑफिसात लिपिक आहे, जन्म-मृत्यूच्या दाखल्यांच्या खिडकीवर. पण आईने हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं. लग्नात, बारशात, विहारात, कुणीही विचारलं की तिचं उत्तर एकच असायचं, परीक्षा देतेय. नोकरी म्हणजे तिच्या हिशेबी गाडी येईपर्यंत बसायचा बाक होता. मी मान खाली घातली आणि त्याच उत्तराची वाट बघितली.

“ऑफिसात असते,” आई म्हणाली. “दाखले देते लोकांना.”

“बरं आहे की,” ती बाई म्हणाली.

“हो. बरं आहे.”

तिने ते सहज सांगितलं. मुलाखत मी सोडली होती, पण दिल्ली मनातून आईने सोडली, आणि माझ्या आधी सोडली. माझा नंबर पुकारला गेला. मला लगेच उठता आलं नाही.