दहावं माणूस

गावात दवाखाना एकच. पुढच्या खोलीत बाकं, मागच्या खोलीत डॉक्टर आणि मध्ये एक हिरवा पडदा. त्या पडद्यावर राज्य होतं मावशीचं. कोणी आधी आत जायचं, कोणाला खरंच दुखतंय आणि कोण कामाला दांडी मारायला कण्हतंय, हे ती दारातच ओळखायची. डॉक्टर नुसती औषधं देतात, दवाखाना मावशी चालवते, असं लोक गमतीनं म्हणत. डॉक्टरही त्यावर हसत, कारण खोटं म्हणावं असं त्यात फारसं काही नव्हतं.

फरशी पुसणं, ट्रे धुणं, पाणी उकळणं ही तिची कामं. पण गावात तिचं नाव झालं होतं ते भलत्याच गोष्टीमुळे. डॉक्टर एका दंडावर सुई टोचायचे तेव्हा मावशी त्या माणसाचा दुसरा हात धरायची. पोर असो नाहीतर सहा फुटी गडी, हात धरलाच. सुई निघाली की दंडावर हळूच फुंकर घालायची. त्यावरून पोरांनी तिचं नाव फुंकरमावशी ठेवलं होतं. साथ आली, तोंडावर मास्क आला आणि फुंकर बंद झाली. हात धरणं मात्र सुटलं नाही. सुई निघून कापूस दाबून झाला तरी ती हात सोडायची नाही. शेवटी माणूसच म्हणायचा, "मावशी, सोडा आता. घरी जायचंय."

तिचा नवरा गवंडी. बोलायला एरवी कंजूष, पण एक गोष्ट तो न कंटाळता सांगायचा. लग्नानंतर वर्षभरात त्याला कुत्रा चावला होता आणि सुया घ्याव्या लागल्या होत्या. "प्रत्येक सुईला ही शेजारी. हात असा धरला की बोटं पांढरी पडली माझी. बायको असावी तर अशी!" लोक हसायचे, ती लाजून आत जायची.

ती लाजते असं सगळ्यांना वाटायचं. खरं तर ती गोष्ट तिला ऐकवत नसे.

ती आठ वर्षांची असताना तिची आक्का तापानं फणफणली होती. एका फिरत्या डॉक्टरनं सुई दिली, पैसे घेतले आणि सायकलवर बसून तो निघून गेला. दोघी बहिणी हात धरून घरी निघाल्या. वाटेत आक्का म्हणाली, जरा बसू या. बसली. तिच्या अंगावर गांधी उठल्या, श्वास घरघरायला लागला, आणि लहानीच्या हातातला तिचा हात आधी घट्ट झाला, मग ढिला पडला. आक्का झोपली असं समजून लहानी तिच्या शेजारी तशीच बसून राहिली. मोठी माणसं शोधत आली तेव्हा सगळं संपलं होतं.

म्हणून मावशी हात धरायची. लोकांना वाटे, बाई धीर देते. बाई बघत असायची, हात ढिला पडतोय का. आयुष्य दवाखान्यात गेलं, पण स्वतःच्या अंगाला तिनं एकदाही सुई लागू दिली नव्हती. ताप आला तर गोळी घ्यायची, गोळीनं गेला नाही तर अंगावर काढायची, पण डॉक्टरांना कळू द्यायची नाही.

लस आली तेव्हा तिच्या तोंडचं पाणी पळालं. पहिल्याच दिवशी डॉक्टर बाही वर करत म्हणाले, "बाई, आधी आपण, मग लोक." तिनं पोट बिघडल्याचं सांगितलं. पुढच्या वेळी डोकं दुखलं. तिसऱ्यांदा काय दुखवावं ते सुचेना, तेव्हा ती दोन दिवस शहरात लेकीकडे जाऊन आली आणि येताना दंडावर चिकटपट्टी लावून आली. "तिकडेच घेतली, मोठ्या दवाखान्यात." त्या दिवसांत डॉक्टरांना चार घास नीट खायची फुरसत नव्हती. पट्टीकडे एक नजर टाकून ते म्हणाले, "शाबास."

इथवर निभावलं असतं. पण लोक दारात थबकायचे. पडद्याकडे बघायचे आणि तिला विचारायचे, "मावशी, तुम्ही घेतली? काही झालं नाही ना?" आणि ती म्हणायची, "घेतली की! ही बघा, ठणठणीत आहे." त्या एका वाक्यावर गावातली निम्मी म्हातारी मंडळी आत गेली. सुताराची आई, ऐंशीला टेकलेली, कोणाच्या बापाचं न ऐकणारी, तीसुद्धा म्हणाली, "हिनं घेतली ना, मग द्या मलाही." त्या रात्री म्हातारीला सणकून ताप भरला. डॉक्टर म्हणाले, एवढं होतंच. पण म्हातारी उठून परसात हिंडायला लागेपर्यंत मावशीच्या घशाखाली घास उतरला नाही.

नवऱ्यालाही तिनं तेच सांगितलं होतं. एकदा पट्टी लावून बसल्यावर घरात वेगळं काय सांगणार?

आणि नवऱ्याचीच तिला सगळ्यात जास्त काळजी होती. सिमेंट आणि दगडाची धूळ खाऊन त्याची छाती पार कामातून गेली होती. शिडी चढला की उभा राहून धापा टाकायचा. डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "याला हा आजार झाला तर इथे माझ्याच्यानं काही होणार नाही." पहिल्या लशी साठीच्या पुढच्यांना गेल्या, मग बरेच दिवस लसच आली नाही. तेवढ्यात त्याच्या जोडीला काम करणारा गवंडी गेला. धडधाकट माणूस, याच्याहून लहान. सोमवारी खोकला, पुढच्या सोमवारी घरावर कुलूप. तेव्हापासून रात्री नवरा खोकला की मावशी अंधारात उठून बसायची.

अखेर एक दिवस लस आली, या वेळी साठीच्या आतल्यांसाठीही. आली ती एकच बाटली. एका बाटलीत दहा जणांचे डोस, आणि एकदा उघडली की काही तासांत संपवायची. मागे सात माणसांवर डॉक्टरांनी बाटली उघडली होती, तर वरून अशी खरमरीत विचारणा झाली की पुढच्या खेपेला गावाला लशीची पेटीच आली नाही. त्यामुळे आता दहा माणसं समोर बसल्याशिवाय ते झाकणाला हात लावत नसत. न उघडलेली बाटली संध्याकाळी गाडी येऊन परत नेणार होती.

दुपारपर्यंत नऊ जण जमले. त्यात गवंडी होता, दुसऱ्या डोसला आलेली सुताराची आई होती. दहावे शाळेचे गुरुजी. त्यांचा फोन आला, अंगात ताप आहे, येत नाही.

"बघा कोणी मिळतं का," डॉक्टर म्हणाले. "नाहीतर मला बाटली परत द्यावी लागेल."

मावशी पदर खोचून निघाली. न्हाव्यानं घेतलेली होती. पिठाच्या गिरणीवाल्याला नुकताच आजार होऊन गेला होता, त्याला इतक्यात चालणार नव्हतं. किराणावाला म्हणाला, "गल्ला सोडून कुठे येऊ?" दोन दारं उघडलीच नाहीत, आतून नुसती कुजबुज ऐकू आली. शेवटी ती शिंपिणीच्या घरी गेली. शिंपीण मशीन थांबवून उठली, बाहेर आली, चपलासुद्धा घातल्या. पाठीमागे दोन लहान पोरी उभ्या होत्या.

"येते मी," शिंपीण म्हणाली. "पण मावशी, माझ्या या दोघींच्या डोक्यावर हात ठेवा आणि सांगा. तुम्ही घेतली तेव्हा खरंच काही झालं नाही?"

मावशीनं हात उचलला. धाकटी तिच्याकडे मान वर करून बघत होती, आणि तिनं मोठीचा हात धरलेला होता.

मावशीचा हात हवेतच राहिला. "तू... तू राहू दे," ती म्हणाली आणि वळली. पाठीमागे शिंपिणीनं चपला काढल्याचा आवाज तिला ऐकू आला.

रस्ता काही लांब नव्हता, पण ती दर चार पावलांवर थांबत होती. दहावं माणूस कुठे मिळणार हे तिला गुरुजींचा फोन आल्यापासून माहीत होतं. हिरव्या पडद्याशेजारीच ते उभं होतं. घेतली तर आक्कासारखं वाटेतच मरू. गावाला कळेल ते वेगळंच, उद्या कोण आपल्या शब्दावर पाणी तरी पिईल? न घ्यावी तर गाडी येईल, बाटली जाईल, आणि परत कधी येईल ते डॉक्टरांनाही ठाऊक नाही. तोवर नवऱ्याची छाती टिकेल? ती दवाखान्याच्या पायरीवर टेकली. आतून खोकल्याचा आवाज आला. नऊ जणांतला कोणता खोकला आपल्या घरचा, हे तिला विचारावं लागलं नाही.

ती उठून आत गेली.

"मिळालं का कोणी?" डॉक्टरांनी विचारलं.

"मिळालं. मी."

"थट्टा करताय का? तुम्ही घेतलीय."

"नाही घेतली."

"अहो, ती पट्टी..."

"आपल्याच दवाखान्यातली. कपाटातल्या रोलमधून कापून नेली होती."

गवंडी तिच्याकडे बघतच राहिला. सुताराच्या आईनं काठी जमिनीवर आपटली. "लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! मी तापानं फणफणत होते तेव्हा माझ्या उशाशी बसून म्हणालीस, मलाही असंच झालं होतं! खोटारडी कुठली!"

"हो आजी," मावशी म्हणाली.

डॉक्टरांनी तिला पडद्यामागे नेलं. मग हलक्या आवाजात म्हणाले, "कशाची भीती वाटते?" तिनं आक्काचं सांगितलं. अगदी थोडक्यात, खाली बघत. डॉक्टरांनी ट्रे पुढे ओढला आणि त्यातल्या एका छोट्या कुपीवर बोट ठेवलं. "हे औषध कशासाठी असतं माहितेय? तसं काही झालंच, तर लगेच हे देतात. त्या माणसाकडे हे नव्हतं, आणि तो थांबलाही नाही. म्हणून तर लस दिल्यावर मी सगळ्यांना अर्धा तास बसवून ठेवतो."

तो ट्रे ती रोज धूत होती. ती कुपी रोज उचलून बाजूला ठेवत होती. ती कशाची, हे एकदा विचारलं असतं तर! पण विचारायचं म्हणजे आक्काचं सांगावं लागलं असतं. आणि आता कळलं, तरी भीती तसूभरही हलली नाही.

डॉक्टरांनी बाटली उघडली. मावशीनं नेहमीसारखे एकेकाचे हात धरले. गवंडी आला, पण त्यानं हात दिला नाही. भिंतीकडे बघत सुई घेतली आणि बाहेर जाऊन बसला. शेवटी ती स्टुलावर बसली. तिच्या दुसऱ्या बाजूला उभं राहायला कोणी नव्हतं. तिनं स्टुलाची कड धरली. सुई कधी गेली ते तिला समजलंच नाही, कारण डोळे मिटून ती आक्काचा श्वास ऐकत होती.

बाहेर बाकावर नवऱ्याशेजारची जागा रिकामी होती. ती अंग चोरून बसली. छाती इतकी धडधडत होती की हेच ते, सुरू झालं, असं तिला वाटलं. हाताला खाज सुटली की काय? घसा आवळतोय का? तिनं दंड निरखून बघितला, परत बघितला.

"अहो," ती कुजबुजली, "रागावा, काय हवं ते बोला. पण माझा हात धरा. आणि ढिला पडला तर लगेच डॉक्टरांना हाक मारा."

गवंड्यानं मान वळवली. "ढिला?"

"आक्काचा पडला होता. मला कळलंच नाही. मला वाटलं झोपली."

इतक्या वर्षांच्या संसारात आक्का लहानपणी गेली एवढंच त्याला माहीत होतं. हळूहळू त्याच्या ध्यानात आलं.

"म्हणजे तू सगळ्यांचे हात धरतेस ते... त्यासाठी?"

"हो."

"आणि मला कुत्रा चावला होता तेव्हा?"

"तेव्हा सगळ्यात जास्त," ती म्हणाली. "रात्रीसुद्धा धरला होता. तुम्ही झोपला होतात."

गवंड्यानं आपला खरबरीत, चुन्यानं फाटलेला हात पुढे केला आणि तिचा हात मुठीत घेतला. तिची बोटं पांढरी पडेपर्यंत दाबला. समोरच्या बाकावर सुताराची आई त्या दोघांकडे रागानं टक लावून बसली होती. पण खरं तर ती बघत होती मावशीच्या तोंडाकडे, श्वास नीट चाललाय का ते.

अर्धा तास झाल्यावर डॉक्टर पडदा सारून बाहेर आले. "चला, उठा आता. सगळे ठीक आहेत."

लोक उठून गेले. सुताराची आईही काठी टेकत, पुटपुटत गेली. मावशी उठायला लागली, पण तिचा हात काही सुटेना.

"अहो, सोडा आता. घरी जायचंय."

"थांब जरा," गवंडी म्हणाला. "बसू थोडा वेळ."