मयेकरबाईंचा चंद्र

सर्व संबंधितांना, म्हणजे ज्यांचा याच्याशी काडीचाही संबंध नाही अशा तमाम मराठी वाचकांना, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की सन २०२१च्या वटपौर्णिमेला आयर्लंडमधल्या कॉर्कच्या खाडीत समुद्र संध्याकाळी आठ वाजता मागे हटला, आणि तो मयेकरबाईंच्या सांगण्यावरून हटला. ही नोंद कुठल्याही इतिहासात सापडणार नाही, म्हणून मी करतो आहे. मी जातीने हजर होतो. अंगात पांढरा कोट, पायात गमबूट, दोन्ही हातांत एकेक निशाण, अशा थाटात गोलच्या खांबामागे चिखलात उभा होतो. इतका सजवलेला साक्षीदार इतिहासाला क्वचितच मिळतो.

वंदना मयेकर मूळच्या हर्णैच्या. कॉर्कजवळच्या रिंगास्किडीत एका औषधकारखान्यात त्या उत्पादनाचं नियोजन बघायच्या. कुठल्या टाकीत काय शिजायचं, ते कधी उतरायचं, टाकी कधी धुवायची, सगळं त्यांच्या डोक्यात. मी त्याच कारखान्यात गुणवत्ता विभागात. म्हणजे त्यांनी वेळेवर शिजवलेलं मी वेळेवर अडवून ठेवायचो. त्यावरून आमची ओळख झाली आणि भांडता भांडता घरोबा झाला. त्यांचे यजमान बोटीवर इंजिनीयर, वर्षातले बरेच महिने पाण्यावर. घरात बाई आणि मुलगी मुग्धा.

बाईंची एक खोड होती. समोरच्याने कुठलीही तारीख उच्चारली की त्या छताकडे बघायच्या आणि तिथी सांगायच्या. "पुढच्या बुधवारी ऑडिट आहे बाई." छताकडे नजर. "म्हणजे चतुर्दशी. उधाण असेल हो!" आमच्या ऑडिटचा आणि उधाणाचा काय संबंध, हे विचारायची सोय नव्हती. त्यांचे वडील मासेमारीच्या होडीचे तांडेल होते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशेब त्या पाढ्यांच्या आधी शिकल्या होत्या. दुसरी त्यांची आवडती म्हण स्वतःचीच होती. "ज्या वेळापत्रकावर सगळे सारखेच चिडतात, ते वेळापत्रक चोख." आमच्या कारखान्यात सगळे त्यांच्यावर सारखेच चिडलेले असत.

आता फुटबॉल. आयर्लंडमधल्या कॉलेजांमध्ये मुलींच्या गेलिक फुटबॉलची एक लीग आहे. हा खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांनी कबड्डी, व्हॉलीबॉल आणि घरगुती भांडण एकत्र कल्पावं. चेंडू हातात घेऊन पळायचं, वाटेल तेव्हा लाथही मारायची. दोन उंच खांबांच्या मधून, आडव्या दांडीवरून गेला तर एक गुण, खालून जाळ्यात गेला तर तीन. मुग्धा खाडीच्या अलीकडच्या छोट्या कॉलेजची गोलकीपर. २०२०च्या मार्चमध्ये त्यांची अंतिम फेरी ठरली होती, तीही कुणाशी, तर खाडीच्या पलीकडच्या कॉलेजशी. फेरीबोटीने पाच मिनिटांचं अंतर आणि पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर. आणि सामन्याच्या तोंडावर सगळा देश बंद झाला.

उन्हाळ्यात थोडं सैल झालं, तेव्हा लीगचे वेळापत्रक-सचिव वैतागून राजीनामा देऊन मोकळे झाले. अध्यक्ष डोनल, निवृत्त भूगोलशिक्षक, त्या जागेसाठी पालकांना फोन करकरून थकला. बाई एका दमात हो म्हणाल्या. मी विचारलं, "बाई, हा उपद्‌व्याप कशाला?"

"देवधर, पोरींच्या तोंडातला घास गेलाय. परत कुणीतरी वाढायला नको?"

आणि त्यांनी वाढला. सप्टेंबरमधली पौर्णिमा, संध्याकाळी सहा, आमच्या कॉलेजचं खाडीकाठचं मैदान. डोनल जरा चाचरला. "त्या मैदानात कधीकधी पाणी येतं, वंदना." बाई हसल्या. समुद्रावरच्या बाईला हा पाणी शिकवतोय! पौर्णिमा म्हणजे पंधरावी तिथी, पाऊणपट म्हणजे सव्वाअकरा, म्हणजे भरती दुपारच्या आत, म्हणजे सहाच्या सुमाराला ठणठणीत ओहोटी. हिशेबात एका मिनिटाची चूक नव्हती. चूक एवढीच, की तो हर्णैचा हिशेब होता. कॉर्कच्या खाडीत पौर्णिमेची भरती दुपारी नाही, संध्याकाळी सहाच्या सुमाराला येते.

रेफरीने शिट्टी वाजवली आणि बांधाच्या फटीतून पाणी आत आलं. आधी अदबीने आलं, मग हक्काने. मुग्धा घोट्यापर्यंत पाण्यात, समोरून चेंडू तरंगत तिच्याकडे येतोय, आणि गोलपाशी एक समुद्रपक्षी शांतपणे पोहतोय, हे दृश्य मी पाहिलं आहे. सामना रद्द झाला. पुढच्या तारखेआधी पुन्हा टाळेबंदी लागली आणि मुलींचं ते वर्ष वाहून गेलं.

मुग्धा आठ वर्षांची असताना इथे आली. मराठी सगळं कळतं, पण बारा वर्षांची झाल्यापासून आईला उत्तर इंग्रजीत, तेही अस्सल कॉर्कच्या हेलात. त्या संध्याकाळी गाडीत बसताना ती आईला, म्हणजे इथल्या बोलीतल्या 'मॅम'ला, एकच वाक्य बोलली. "युअर मून वॉज राँग, मॅम." पुढे तो घरचा मंत्र झाला. बाईंनी भाजी जास्त खारट केली, युअर मून वॉज राँग. दुधाचा डबा संपला, युअर मून वॉज राँग. बाई हसत नसत. पोरीचा सामना आपण बुडवला, हे त्यांच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलं होतं.

त्या हिवाळ्यात घरापासून पाच किलोमीटरच्या आतच फिरायची परवानगी होती. बाईंच्या नशिबाने समुद्र पाच किलोमीटरच्या आत होता. कामावरून आल्या की धक्क्यावर जाऊन उभ्या. कधी मीही जायचो. भरतीचे तक्ते छापलेले मिळतात, फोनवरही दिसतात, हे मी सुचवून पाहिलं.

"दिसतात. पण छापलेल्या नवऱ्याबरोबर संसार होतो का? पाणी कुठल्या फटीतून शिरतं, किती वेळ रेंगाळतं, जाताना कुठला कोपरा शेवटी सोडतं, हे तक्त्यात आहे? मेल्यानं दोन तास घेतले ना देवधर, की मैदान मोकळं." मग पाण्याकडे बोट करून, "चंद्र तोच आहे हो. समुद्र वेगळा. सासर बदललं की चुलीची वेळ बदलते, एवढं माझ्या लक्षात यायला हवं होतं."

२०२१चा मे उजाडला, खेळ पुन्हा सुरू होणार असं कळलं आणि लीगची ऑनलाइन सभा भरली. बाईंनी मला शेजारी बसवलं, चहा करायला. डब्लिनच्या एका मोठ्या कॉलेजचा क्रीडाव्यवस्थापक कॉर्मॅक पडद्यावर आला. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याच्याकडे स्लाइड्स होत्या. तीन बड्या कॉलेजांचा वेगळा 'प्रीमियर' गट, त्यांचे सामने इंटरनेटवर थेट, त्याला प्रायोजक. उरलेल्यांची फेरवाटणी. आमचं कॉलेज पश्चिम गटात, तिथे सर्वांत जवळचा प्रतिस्पर्धी तीन तासांवर. पलीकडचं कॉलेज पूर्व गटात. म्हणजे पाच मिनिटांवरच्या या दोन शेजारणी लीगमध्ये पुन्हा समोरासमोर येणारच नव्हत्या. शेवटची स्लाइड, "राहिलेले जुने सामने रद्द समजावेत." मुग्धाचं हे शेवटचं वर्ष. जूनअखेर सगळ्या मुली पांगणार.

बाईंनी आपला माइक सुरू केला. "कॉर्मॅक, मी महाराष्ट्रातून आले आहे. कोण कुणाचा गट सोडून कुणाकडे गेलं, याचं मला काहीही वाटत नाही. खुशाल जा. पण आमच्याकडे एक रीत आहे. जेवायला बसलेली पंगत उठल्याशिवाय दुसरी पंगत मांडत नाहीत. पहिल्या पंगतीतल्या दोन मुली अजून पानावर बसल्या आहेत, त्यांच्या पानात भात पडलेला नाही, आणि तुम्ही पानं उचलताय."

डोनल म्हणाला, "म्हणजे प्रेत घराबाहेर पडल्याशिवाय वारसांनी जमिनीवरून भांडू नये, तसं?"

"तसंच. फक्त आमच्यात जेवण चांगलं असतं."

"तू आमच्याकडच्या मयताला आलेली दिसत नाहीस," डोनल म्हणाला, आणि त्या हशात फेरवाटणीचा ठराव मंजूर झाला. बाई तिथे हरल्या. पण त्याला एक अट चिकटली. अंतिम सामना जूनमध्ये झाला तर जुना मोसम मानाने संपेल, नाही झाला तर रद्द. कॉर्मॅकने तारखा चाळल्या. सगळे रेफरी, सगळी मैदानं गेलेली. एकच संध्याकाळ उरली होती आणि एकच मैदान. तेच खाडीकाठचं. "चोवीस जून, सहा वाजता?"

बाईंनी छताकडे पाहिलं. मीही पाहिलं, आणि चहाचा कप खाली ठेवला. ज्येष्ठ पौर्णिमा.

"तारीख चालेल," बाई म्हणाल्या. "वेळ आठची."

पलीकडून कुणीतरी खुदकन हसलं. मागच्या सोफ्यावरून मुग्धा ओरडली, "मॅम! नॉट द मून अगेन!"

वटपौर्णिमेला मला गोलपंच नेमलं होतं; एक गुण झाला की पांढरं निशाण दाखवायचं, गोल झाला की हिरवं. सात वाजता मी मैदानावर पोचलो, तेव्हा मैदान नव्हतंच. एक गोल गवतावर होता, दुसरा तळ्यात. परवानगीपुरते जमलेले प्रेक्षक बांधावर उभे राहून फोटो काढत होते. पलीकडचा संघ फेरीबोटीतून उतरला आणि पाणी बघून त्यांची कर्णधार म्हणाली, "आपण उगाच उतरलो." कॉर्मॅक खास डब्लिनहून आला होता, पायात कोरे बूट. बाई पाण्यातल्या खांबाभोवती गमबूट घालून फेऱ्या मारत होत्या, छत्रीच्या टोकाने जमीन टोचत होत्या.

मी हाक मारली, "बाई, दोरा आणू का? वड नाही तर नाही, खांब तर आहे!"

"नको रे बाबा. ह्याला बांधला तर सात जन्म गोलकीपर व्हावं लागेल. आणि नवरा आहे तो पुरे, निदान बोटीवर तरी असतो."

विनोद करत होत्या, पण छत्रीने एकच जागा पुन्हापुन्हा टोचत होत्या. मुग्धा हातमोजे घालून बांधावर बसली होती आणि आईकडे बघतही नव्हती. रेफरीने दोनदा घड्याळ पाहिलं. साडेसात. बाई त्याच्याजवळ गेल्या आणि एवढंच म्हणाल्या, "तारीख आपण देतो. वेळ समुद्राला मागून घ्यायची असते. मी मागितली आहे."

पावणेआठला खांबाचा पाय दिसला. मग गोलपुढच्या छोट्या चौकोनाची पांढरी रेघ वर आली. पाणी जिथून आलं होतं त्याच फटीतून, जरा ओशाळल्यासारखं, बाहेर निघालं. बाईंनी सांगितलेला तो कोपरा अगदी शेवटी सुटला. रेफरीने बूट आपटून पाहिला, मान हलवली आणि आठ वाजता शिट्टी वाजवली. जूनमधला तो लांबलचक उजेड, निम्मं मैदान चिखल, आणि माझ्या शेजारी उभा असलेला कॉर्मॅक आपल्या वाया गेलेल्या बुटांकडे बघत पुटपुटला, "जीझस, ह्या बाईनं समुद्राला वेळापत्रक दिलं."

शेवट सांगण्याआधी बाकीचं आवरतो. गट फुटले ते फुटलेच. पण बाईंनी जाताजाता नियमांत एक कलम घुसवलं. खाडीकाठच्या दोन्ही कॉलेजांचा एक सामना दरवर्षी लीगच्या बाहेर व्हावा आणि त्याची वेळ भरती बघून ठरवावी. पुढच्या हिवाळ्यात त्यांना सिंगापूरच्या कारखान्यात बढती मिळाली. विमानतळावर मी विचारलं, आता तिथे? "तिथेही समुद्र आहे," त्या म्हणाल्या. "पहिलं वर्ष नुसती बघेन."

तर तो सामना. अशी लढत मी पाहिलेली नाही. उत्तरार्धात मुग्धा माझ्या बाजूच्या गोलात होती. तिने दोन चेंडू असे अडवले की मी कोटाची शान विसरून टाळ्या वाजवल्या आणि रेफरीची बोलणी खाल्ली. शेवटचं मिनिट, बरोबरी. पलीकडच्या कर्णधाराने लांबून चेंडू उडवला. मुग्धा झेपावली, तिच्या बोटांवरून तो वर गेला आणि खांबाला जवळजवळ चाटून दांडीपलीकडे पडला. आतून की बाहेरून? सगळं मैदान माझ्याकडे बघत होतं. बांधावरून बाईही. मी पाहिलं होतं, तो आतून गेला होता. मी पांढरं निशाण उचललं. आमच्या विरुद्ध एक गुण. बाईंनी दुरून, मला दिसेल अशी, एकदा मान डोलावली. शिट्टी झाली.

पलीकडच्या मुली एकमेकींच्या अंगावर कोसळल्या. आमच्या चिखलात बसून रडायला लागल्या, आणि मुग्धा तडक आईच्या दिशेने चालत निघाली. नखशिखांत चिखल, डोळे लाल. मी मागोमाग धावलो. म्हटलं, आता कॉर्कच्या इंग्रजीत वादळ होणार. बाई छत्री धरून तशाच उभ्या. मुग्धा समोर येऊन थांबली, तिने ते चिखलाचे हातमोजे आईच्या गळ्यात टाकले आणि अख्ख्या खाडीला ऐकू जाईल अशी, चक्क मराठीत ओरडली,

"हरलो गं आई! पण तुझा चंद्र बरोबर होता!"