जीपभर पाहुणे अन् येसराची आमटी

बायांनो, आज माझ्या नातीला बघायला दोघं-तिघं येणार होते, अन् उतरली जीपभर माणसं! महिनाअखेर. घरात डाळ मूठभर, भाजी न्हाय. सून रडकुंडीला आली.

"आत्याबाई, हाटेलातनं पनीर मागवू का?"

म्या म्हणलं, "मागव. अन् पोरगी पसंत पडली की हाटेलवाल्यालाच सासरी पाठव."

येसराचा डबा काढला. गहू, हरभऱ्याची डाळ, धने भाजून दळलेलं पीठ ते. निजामाच्या राज्यात सरकारनं लेव्ही म्हणून घरचं धान्य उचलून नेलं, की माझी आई ह्याच पिठावर पंगती उठवायची. फोडणीत काळं तिखट घातलं, पाणी ओतलं, येसर कालवून सोडलं अन् उकळी आणली. वर लालभडक तर्री, संगं गरम भाकरी.

मुलाच्या आजीनं वाटी तोंडाला लावली अन् डोळे मिटून घोट घोळवला. माझा जीव टांगणीला.

मग म्हणली, "लई वर्सांनी ही चव आली. पोरीला येसर भाजायला शिकवा, मगच आमच्याकडं पाठवा."

सून हसत चुलीपाशी पुढची भाकरी थापाया लागली. मीबी पदरानं घाम पुसला.

अवचित पाहुणे आले तर तुमी काय रांधता? पनीर सोडून सांगा.