पानावरची तीट

रामलिंगअप्पांना चहाला बोलवायचं म्हणजे अर्धापुरातल्या बायांना धडकी भरायची. माणूस गोड, पण कप हातात आला की आधी तो उजेडात धरणार, आत डोकावणार आणि मग लाजत म्हणणार, "जरा इसळून आनता का, वहिनी?" देवानं त्यांना खाली पाठवताना सोबत साबणाची वडी दिली असावी, आणि ती झिजू नये असा आशीर्वादही.

थोडा दोष नोकरीचाही होता. नांदेडच्या वाटेवर केळीची रोपं तयार करणारी टिश्यू कल्चर लॅब आहे. अप्पांचा जन्म तिथं गेला. केळीच्या कंदातला कोवळा कोंब काढायचा, वरचे पापुद्रे सोलायचे, औषधात धुवायचा, पुन्हा धुवायचा आणि काचेच्या बाटलीत लावायचा. एक जंतू आत शिरला की अख्खी बाटली बुरसटलीच. अप्पांच्या हातची सहसा बुरसटत नसे.

घरी मात्र कस्तुराबाईचं राज्य. ही बाई मातीचे हात पदराला पुसायची आणि त्याच पदरानं नवऱ्याचा चष्मा. एकदा दोघं इस्लापूरकडं सहस्रकुंडाचा धबधबा बघायला गेली, तर येताना हिनं रानातलं पापडी नावाच्या झुडपाचं रोप ओल्या फडक्यात गुंडाळून आणलं. पानांवर काळे ठिपकेच ठिपके.

"रोगट हाय. फेक ते."

"रोग न्हाई, तीट हाय ती. दिष्ट लागू नये म्हनून देवानं लावली. तुमास्नी दिसली की पुसायची घाई!"

रोप दाराशी लागलं आणि डोक्याएवढं उंच झालं. उन्हाळा लागला की पांढऱ्या फुलांचे झुबके यायचे. कस्तुराबाई पूजेला बसली की तळहातावरच्या इष्टलिंगाला पहिलं फूल त्या झाडाचं. अप्पा दुरून विचारायचे, "धुतलं का?" ती डोळे मिटूनच म्हणायची, "महादेवाला चालतंय. तुमाला न्हाई वाहत मी."

पौषात तापाचं निमित्त झालं आणि कस्तुराबाई गेली. लिंगायतांच्या रीतीप्रमाणं तिला बसवून, हातात तिचं इष्टलिंग देऊन माती दिली. अप्पांनी तिथंच मनाशी ठरवलं, वर्ष भरेल त्या दिवशी समाधीपाशी हीच पापडी लावायची.

पुढं गल्लीत नालीचं काम निघालं. आखणी नेमकी झाडावरून गेली. शेजारच्या गौरम्मा म्हणाल्या, "अप्पा, मुळासकट, मातीसकट उचला अन् आत्ताच नेऊन लावा की."

"ह्या मातीत काय काय किडे असतेत, ठाऊक हाय का? कस्तुरीपाशी रोगट झाड लावू व्हय? मी सोच्छ रोप करतो."

त्यांनी सगळे शेंडे खुडून लॅबमध्ये नेले. शेंड्यांना चिकट डिंक होता. तो त्यांनी बोटानं पुसला, पापुद्रे सोलले, औषधात धुतलं, पुन्हा धुतलं. केळीला कधी केलं नसेल इतकं धुतलं. शेवटी बायकोचं काम होतं. इकडं दारातलं खोड जेसीबीनं उचललं.

बाटल्यांत हिरवी पानं फुटली तेव्हा एक बाटली घेऊन अप्पा गौरम्मांच्या दारात. "बघा! एक ठिपका न्हाई!"

पण रोपं वाढेनात. पानं चुरगळलेली, शेंड्याची गाठ झालेली. एकेक करून काळी पडली. एकच तग धरून राहिलं, बोटभर. अप्पांनी कस्तुराबाईच्या पूजेच्या डब्यातलं एक वाळकं ठिपक्याचं पान काढलं आणि लॅबच्या वर्षाराणी मॅडमपुढं ठेवलं. मॅडमनी ते पाण्यात भिजवून भिंगाखाली घातलं आणि पुस्तकं उघडली.

"अप्पा, हे ठिपके म्हणजे घरं आहेत. जंतूंची. चांगल्या जंतूंची. शेंड्याशी इवल्या झडपेआड बारीक ग्रंथी असतात, त्यांतून डिंक पाझरतो. जंतू त्यात राहतात. नवं पान तिथंच घडतं, तेव्हा ते पानात शिरतात. बियांतूनही आईकडून लेकराकडं जातात. त्यांच्यावाचून हे झाड वाढतच नाही."

"अन् म्या डिंकच पुसला."

"औषध मीच दिलं होतं ना? मलाही आजच कळलं."

अप्पांनी ते पान पुन्हा तळहातावर घेतलं. "म्हंजी तीटच होती."

"इस्लापूरला जाऊ. रानात दुसरं मिळेल."

"मिळंल मॅडम. पर ते कस्तुरीनं आनलेलं नसंल."

"हे बाटलीतलं जगायचं नाही, अप्पा."

"हाव. कळलं मला."

वर्ष भरलं त्या दिवशी अप्पांनी ते बोटभर खुरटं समाधीपाशी लावलं. खुरपं आणलं नव्हतं. हातानंच माती उकरली, हातानंच दाबली. सोबत आलेल्या गौरम्मांनी सवयीनं तांब्या पुढं केला.

"हात धुवा, अप्पा."

"ऱ्हाऊ द्या," अप्पा म्हणाले, आणि चष्मा सदऱ्याला पुसायला गेले, तर काचेला सगळी माती लागली.