हल्याच्या गळ्यातलं लोढणं

हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी माझं वजनसुद्धा खरं सांगतो.

आमच्या घराण्यात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे. दिवाळीनंतर दवनीवाड्याला मंडई, म्हणजे आमची जत्रा, भरते, लेकी-जावई, पोट्टेपाट्टे सगळे जमतात, आणि जेवणं आटोपली की कोणीतरी म्हणतंच — बिसनकाकांच्या हल्याची गोष्ट होऊ द्या! हल्या म्हणजे रेडा. तो कसा पिसाळला, शिंगं खाली घालून कसा आला, आणि कापलेल्या धानाच्या पेंढ्या रचून आम्ही उभा केलेला पुंजना त्यानं कसा आडवा केला! मी फुसफुसतो, गुडघ्यांवर रांगतो — या वयात, या पोटासकट. पोट्टे लोळतात. काकाही हसतात.

गोष्ट छानच आहे. फक्त — थांबा, आधी सिनेमाचं सांगतो.

मी सातवीत असेन. मंडईत व्हिडिओवाला आला होता. एका खोलीच्या खिडक्या-दारांना पोती लावून भरदुपारी अंधार केलेला, आणि त्या अंधारात कुंगफूचा जुना, सत्तरच्या सालातला सिनेमा. पांढऱ्या भुवयांचा गुरू, तापल्या वाळूत हात खुपसणारा चेला, नुसती मान वळवली तरी फाट्‌कन येणारा आवाज! शेवटी चेला उडतो आणि लांब वेणीच्या खलनायकाला हवेतूनच लाथ घालतो. पोती बाजूला सारून बाहेर आलो तेव्हा मी मी राहिलोच नव्हतो. चपला कमरेला खोचून, कोपरं बाहेर काढून थेट शेतात, आमच्या धानाच्या बांधीत गेलो. का गेलो? हात शिवशिवत होते. पायही.

पुंजना समोर उभा. जरा कललेला. वेणी तेवढी नव्हती, बाकी हुबेहूब खलनायक.

आता तुमच्या लक्षात आलंच असेल. मी धावलो, किंचाळलो — काय किंचाळलो ते लिहवत नाही — आणि उडालो. खरंच उडालो हो! आयुष्यात तेवढा एकदाच. पुंजना क्षणभर विचारात पडला, मग सावकाश बांधीतल्या चिखलात झोपला. मी त्याच्या पोटात.

बाबा धावत आले. शेजारच्या बांधावर — धुऱ्यावर — काकांचा हल्या उभा, आणि घरंगळत गेलेली आमचीच एक पेंढी त्याच्या तोंडात.

"हल्यानं पाडला," मी म्हणालो.

एवढंच. विचार करायलाही थांबलो नाही.

बिसनकाका, बाबांचे चुलतभाऊ, गावातली जनावरं शिकवायचे. त्यांचा हल्या मोकळा सोडला तरी परक्या बांधीत पाय घालत नसे — तोच त्यांचा मान. पण मोकाट जनावराच्या गळ्यात लोढणं बांधायची गावाची रीत. धावलं की ओंडका पायांत येतो. काकांनी तो स्वतःच्या हातानं बांधला, सगळ्यांदेखत. धान मळून झालं, उन्हाळा लागला, तरी हल्या खटखट करत चालायचा, आणि येणारा-जाणारा हटकायचा, "काऊन जी बिसनभाऊ, शिकवलेला हल्या होय का हा?" पुढं काकांकडे शिकवायला जनावरं येणं हळूहळू थांबलंच.

आणि मी काय केलं? गोष्ट रचली. दरवर्षी एकेक फुसफुस वाढवत नेली.

या मंडईला पुतण्यानं तोच सिनेमा शोधून टीव्हीवर लावला. काय हसलो आम्ही! लाथ आधी, आवाज मागून. गुरूची दाढी एका बाजूनं सुटलेली. सिनेमा संपला आणि पोट्टे ओरडले — आता हल्या! मी सांगितली. काकांना आता ऐकू कमी येतं, म्हणून ते अगदी जवळ येऊन बसले होते. डोळ्यांत पाणी येईतो हसले. दुपट्ट्यानं डोळे पुसले.

"मस्त सांगतेस रे बाबू," म्हणाले. मग जरा वेळानं, "पन मले अजूनबी पटत नाही. तो हल्या तसा नोहता."

तोंड उघडलं होतं मी — शपथेवर सांगतो, उघडलं होतं.

"बरं, आन् एक डाव सांग," काका म्हणाले.

मी सांगितली. दुसऱ्यांदा जास्त रंगली.